टर्म इन्शुरन्सची एजन्सी घेताना: कंपनी, कमिशन आणि करार कोणत्या क्रमाने तपासायचे

"टर्म विकायचीय, एजन्सी घेतोय. सगळ्यात जास्त कमिशन कोण देतं?" ठाण्यात विम्याचं काम करणाऱ्या कुणाच्याही कानावर हा प्रश्न पडतो. माझ्याकडे तो बहुतेक वेळा सही झाल्यावर येतो. तोवर एजंट कोड हातात आलेला असतो, ट्रेनिंग झालेलं असतं, पहिल्या पाच प्रपोजलांपैकी (विम्याच्या अर्जांपैकी) तीन अडकलेली असतात, आणि मग माणूस विचारतो की कंपनी चुकली का.

बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. टक्केवारी ही पाचव्या पायरीची गोष्ट. ती पहिल्यांदा विचारली की मॅनेजर तुम्हाला हवा तो आकडा सांगतो आणि पुढचं सगळं ओढूनताणून बसवावं लागतं.

एक नियम आधीच डोक्यात पक्का करा. विमा कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे एका व्यक्तीला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचा एजंट होता येतं. सोबत एक जनरल आणि एक हेल्थ कंपनी घेता येते, पण लाइफची जागा एकच. "नाही जमलं तर दुसरी घेऊ" म्हणणाऱ्यांचे या नियमापायी महिने फुकट जातात.

१. आधी स्वतःचा पॅन तपासा

विमा नियामक इर्डाईच्या एजन्सी पोर्टलवर पॅन टाकून बघण्याची सोय आहे. पाच मिनिटांचं काम, पण लोक ते करत नाहीत. माझ्या आतेभावाने कॉलेजात असताना मित्राचं टार्गेट भरावं म्हणून एका फॉर्मवर सही केली होती. एकही पॉलिसी केली नाही आणि सगळं विसरून गेला. बारा वर्षांनी नवा अर्ज भरला तर त्याच्या पॅनवर जुना कोड जिवंत. जुन्या शाखेत त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं, मॅनेजर कधीच नोकरी सोडून गेला होता. तो कोड बंद करून घेण्यात त्याचा अख्खा पावसाळा गेला.

मग कागद. दहावीची गुणपत्रिका, पॅन, आधार, रद्द केलेला चेक, फोटो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं नाव गुणपत्रिकेवर एक आणि पॅनवर दुसरं असतं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र आधीच जोडा, म्हणजे अर्ज परत येणार नाही. २५ तासांचं ट्रेनिंग आणि आयसी-३८ ची परीक्षा यांची धास्ती घेऊ नका. पास व्हायला ३५ टक्के लागतात आणि पेपर मराठीतून देता येतो.

*सावधान:* पालिकेत किंवा सरकारी नोकरीत असलेले बरेच जण कोड बायकोच्या नावावर काढतात आणि फिरतात स्वतः. विमा विकणारा माणूस आणि कोडवरचा माणूस एकच असायला हवा. उद्या क्लेममध्ये वाद झाला की "एजंट कोण होता?" हा प्रश्न येतोच, आणि उत्तर द्यायला वहिनींना जावं लागतं.

२. गिऱ्हाइकांची यादी करा, कंपन्यांची नको

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वही घ्या आणि पुढच्या सहा महिन्यांत ज्यांच्या घरी तुम्ही खरोखर जाऊन बसू शकता अशी पन्नास नावं लिहा. प्रत्येक नावापुढे सात रकाने: वय, काम, उत्पन्नाचा कागद, शिक्षण, तंबाखू, पिनकोड, कर्ज.

उत्पन्नाचा कागद हा रकाना बाकी सगळ्यांवर भारी पडतो. टर्ममध्ये कंपनी हप्त्यावर नाही, उत्पन्नावर कव्हर देते. वय कमी असेल तर वार्षिक उत्पन्नाचे जास्त पट, वय वाढेल तसे कमी. उत्पन्न कागदावर दिसलं नाही तर कोटीचं कव्हर मागून उपयोग नाही.

ठाण्यात हे चित्र वस्तीगणिक बदलतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये फॉर्म १६ असतो, गृहकर्ज असतं, आणि हातात मोबाइलही असतो. तुम्ही कोटेशन देता तोवर तो माणूस ऑनलाइन दर बघून मोकळा झालेला असतो. जांभळी नाक्याच्या दुकानदाराची रोजची उलाढाल मोठी, पण रिटर्नमध्ये उत्पन्न जेमतेम तीन-चार लाख. वागळे इस्टेटच्या छोट्या वर्कशॉपमधला फिटर रोखीत पगार घेतो. कळव्याचा रिक्षावाला दहावी नापास. वाशीच्या एपीएमसीत गाळा असेल तर रिटर्न असतं, मापाडी किंवा हमाल असेल तर हिशेब पुन्हा वेगळा.

तंबाखूचा रकाना प्रामाणिकपणे भरा. टर्मच्या फॉर्ममध्ये तंबाखू म्हटलं की त्यात सिगारेटबरोबर गुटखा, खैनी आणि मिश्रीही आली. कोकणातून आलेल्या घरांत मावशी सकाळी मिश्री लावते आणि तिला ते व्यसन वाटतच नाही, म्हणून एजंटही 'नाही'वर टिक करतो. लघवीच्या तपासणीत निकोटिनचा अंश सापडला की हप्ता बदलतो. तपासणीत सुटलं आणि पुढे क्लेम आला तर त्याहून वाईट. कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनी पॉलिसीवर हरकत घेऊ शकत नाही, पण पहिली तीन वर्षं ती हरकत घ्यायला मोकळीच असते.

*तपासा:* पन्नासपैकी किती जणांकडे दोन वर्षांचं रिटर्न किंवा फॉर्म १६ आहे? तीसच्या वर असतील तर बहुतेक कंपन्या तुम्हाला चालतील. वीसच्या आत असतील तर पुढच्या दोन पायऱ्या नीट वाचा.

३. एजंट की पीओएसपी

थेट एजंट झालात तर करार कंपनीशी, रिन्युअल (पुढच्या वर्षांच्या हप्त्यांवरचं कमिशन) तुमच्या कोडवर, पण लाइफ कंपनी एकच. पीओएसपी (पॉइंट ऑफ सेल्स पर्सन) झालात तर तुम्ही ब्रोकरमार्फत काम करता. दहावी पास आणि १५ तासांचं ट्रेनिंग पुरतं. बऱ्याच कंपन्यांची उत्पादनं समोर दिसतात, पण तुमचा करार ब्रोकरशी असतो आणि तुमच्या वाट्याचं कमिशन ब्रोकर ठरवतो. पीओएसपीला विकता येणाऱ्या टर्मवर विमा रकमेची मर्यादाही असते. तुमचं गिऱ्हाईक कोटीचं कव्हर मागणारं असेल तर ती मर्यादा आधी लेखी मागा.

माझं मत विचाराल तर ज्याला मोटर आणि हेल्थही विकायचंय आणि टर्म वर्षाला पाच-सहाच करायची आहे त्याने पीओएसपी व्हावं. टर्म हाच धंदा करायचा असेल तर थेट एजन्सी. दोन्ही कोड एकत्र चालतील असं कुणी सांगितलं तर हसून म्हणा, "मेलवर लिहून द्या."

४. कंपनी तपासायची ती यादी समोर ठेवून

मॅनेजर हॉटेलात भेटायचं म्हणेल. तुम्ही शाखेत जा. यादीतले पाच अवघड लोक निवडा (कमी उत्पन्न, डायबेटीस, तंबाखू, रोखीचा धंदा, घरात असणारी गृहिणी) आणि नावं न सांगता प्रत्येकाबद्दल विचारा: याला किती कव्हर मिळेल, कोणते कागद लागतील, मेडिकल घरी येऊन होईल का, पॉलिसी इश्यू व्हायला किती दिवस लागतील?

खरा मॅनेजर ग्रिड (कुणाला किती कव्हर द्यायचं याचा कंपनीचा तक्ता) उघडून सांगतो की किमान उत्पन्न इतकं, शिक्षण इतकं, या पिनकोडला एवढंच. "टेन्शन घेऊ नका, करून देतो" एवढंच म्हणणाऱ्याकडे ग्रिड नसतो किंवा तो दाखवायचा नसतो. गृहिणीचं कव्हर नवऱ्याच्या कव्हरवर अवलंबून ठेवतात का, रिटर्न नसेल तर बँक स्टेटमेंट चालतं का, हे तिथेच विचारून घ्या.

रिक्षावाला, हमाल, फिटर यांच्यासाठी सरळ जीवन बीमा विचारा. इर्डाईने १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक आयुर्विमा कंपनीला हे प्रमाणित टर्म उत्पादन ठेवायला लावलं. कव्हर ५ ते २५ लाख, वय १८ ते ६५, आणि शिक्षणाची किंवा व्यवसायाची अट नाही. सुरुवातीच्या ४५ दिवसांत फक्त अपघाती मृत्यूचा क्लेम मिळतो, हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा. शाखेत मात्र एवढंच विचारा: "तुमच्याकडे याचं लॉगिन (अर्ज दाखल करणं) एजंट कोडवर होतं का, आणि गेल्या महिन्यात किती झाली?" उत्तर देताना मॅनेजर अडखळला तर समजून जा.

मग दर. त्याच कंपनीची तीच टर्म वेबसाइटवर किती रुपयांना मिळते आणि एजंटकडून किती, हे घरी बसून बघा. फरक मोठा असेल तर घोडबंदरच्या गिऱ्हाइकांवर पाणी सोडावं लागेल. तो फरक स्वतःच्या कमिशनमधून भरून देऊ असं मनात आलं तर तिथेच थांबा. कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट देणं गुन्हा आहे आणि दंड १० लाख रुपयांपर्यंत जातो. "पहिला हप्ता तूच भर" हे वाक्य ठाण्यात वर्षानुवर्षं चालत आलंय, म्हणून ते कायदेशीर होत नाही.

शेवटी क्लेम. इर्डाईच्या वार्षिक अहवालात कंपनीवार क्लेमचे आकडे असतात. संख्येची टक्केवारी बघा, तशी रकमेचीही बघा. छोटे क्लेम झटपट देऊन मोठे अडवले तर संख्येचा आकडा सुंदर दिसतो आणि रकमेचा खाली येतो. कंपनीच्या वेबसाइटवर पब्लिक डिस्क्लोजरमध्ये एल-२२ हा फॉर्म असतो. त्यात १३व्या आणि ६१व्या महिन्याचं पर्सिस्टन्सी गुणोत्तर (किती पॉलिसी चालू राहिल्या) आणि सॉल्व्हन्सी (देणी फेडायची कंपनीची ताकद) मिळते. सॉल्व्हन्सी किमान १.५ असायला लागते.

क्लेमचा मुद्दा टर्मवाल्यांसाठी जास्त टोकाचा आहे. विमा लोकपालाचं कार्यालय ठाण्यातच आहे, पण लोकपालाच्या निवाड्याची मर्यादा ५० लाख रुपये. एक कोटीचा क्लेम अडकला तर विधवेला ग्राहक आयोगाकडे नाहीतर कोर्टात जावं लागतं, आणि ती आधी फोन तुम्हालाच करते.

५. आता कमिशनचा तक्ता

३१ मार्च २०२३ पर्यंत इर्डाईने उत्पादनवार कमाल टक्केवारी ठरवून दिली होती. नियमित हप्त्याच्या शुद्ध टर्मवर पहिल्या वर्षी ४० टक्के आणि रिन्युअलला १० टक्के ही वरची मर्यादा. १ एप्रिल २०२३ पासून उत्पादनवार मर्यादा गेली. कंपनीचा एकूण खर्च मर्यादेत राहिला की आतली वाटणी कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. त्यामुळे शेजारच्या एजंटाचा २०२२ चा आकडा तुमच्या कामाचा नाही, आणि कंपनी वर्षाच्या मधेही तक्ता बदलू शकते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. गिऱ्हाइकाला बरं झालं, पण कंपनीला खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळेनाशी झाली. कमिशनही त्याच खर्चात मोडतं. म्हणून तक्ता मागताना त्या तारखेनंतरचा, तारीख छापलेला मागा.

तक्त्यात पाच ओळी शोधा:

- नियमित हप्त्याची टर्म: पहिलं वर्ष, दुसरं-तिसरं वर्ष, पुढची वर्षं
- मर्यादित वर्षं हप्ता भरायची टर्म
- हप्ता परत देणारी टर्म
- सरळ जीवन बीमा
- रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर)

या पाचही ओळींत टक्केवारी वेगवेगळी असू शकते. मॅनेजर तोंडी जो आकडा सांगतो तो बहुधा सगळ्यात जाड ओळीतला असतो.

हिशेब असा करून बघा. आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत. सरासरी हप्ता १५,००० रुपये, वर्षाला वीस प्रपोजलं. 'अ' कंपनी पहिल्या वर्षी ४० टक्के आणि रिन्युअलला २ टक्के देते, पण तुमच्या यादीतल्या माणसांमधून ११ इश्यू करते. 'ब' कंपनी ३० टक्के आणि ७.५ टक्के देते, पण १६ इश्यू करते. पहिल्या वर्षी 'अ'कडून ६६,००० आणि 'ब'कडून ७२,००० रुपये. दुसऱ्या वर्षी 'अ'च्या १० पॉलिसी चालू राहिल्या तर ३,००० रुपये, 'ब'च्या १४ राहिल्या तर १५,७५०. टर्म वीस-तीस वर्षं चालते. ही दुसरी रांग दरवर्षी वाढत जाते, आणि 'अ'ने नाकारलेल्या नऊ घरांत पुन्हा पाय ठेवायला लाज वाटते ती वेगळीच.

मासिक हप्ता असेल तर कमिशनही मासिक. १,२५० रुपयांच्या हप्त्यावर ३० टक्क्यांनी महिन्याला ३७५ रुपये येतात. नवा एजंट वर्षाचे ४,५०० रुपये एकदम येतील असं धरून चालतो आणि तिसऱ्या महिन्यात हिरमुसतो. मासिक पॉलिसीत ग्रेस पीरियडही १५ दिवसांचा, बाकीच्यांत ३०. हप्ता ईसीएसवर (बँक खात्यातून आपोआप कापला जाईल असा) बांधल्याशिवाय मासिक पॉलिसी करू नका.

टीडीएस वजा धरा: वर्षाला २०,००० च्या वर कमिशन गेलं की २ टक्के, आणि पॅन नोंदलेला नसेल तर २० टक्के. काँटेस्ट, परदेशी सहल, क्लब, ट्रॉफी या हिशेबात शून्य धरा. मिळाली तर जाऊन या.

६. करारातली कलमं

एजन्सीचा करार दहा-बारा पानांचा असतो आणि टॅबवर ओटीपीने सही होते. ओटीपी देण्याआधी पीडीएफ मेलवर मागवून रात्रभर ठेवा. हे शोधा:

*परत कापणी.* फ्री लुकच्या (पॉलिसी परत करायच्या मुदतीच्या) ३० दिवसांत पॉलिसी रद्द झाली तर कमिशन परत जातं, ते स्वाभाविक आहे. त्यापुढे पॉलिसी किती महिन्यांत लॅप्स (हप्ता न भरल्याने बंद) झाली तर किती टक्के कापतात, आणि पुढच्या कमिशनमधून वळते करतात की रोख मागतात?

*किमान धंदा.* वर्षाला किती पॉलिसी किंवा किती प्रीमियम केला नाही तर कोड बंद होतो? बंद झाला तर रिन्युअलचं काय?

*सोडल्यावर रिन्युअल.* किती वर्षं काम केल्यावर तुम्ही राजीनामा दिला तरी रिन्युअल चालू राहतं? तुमच्या मृत्यूनंतर वारसाला मिळतं का, किती वर्षं? एलआयसीच्या एजंटांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये अर्थ मंत्रालयाने ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख केली आणि पुन्हा नेमलेल्या एजंटांना रिन्युअल कमिशनचा हक्क दिला. तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे जाणार असाल तर यातलं काय आहे ते करारात बोट ठेवून दाखवायला सांगा.

*तक्ता बदलण्याचा अधिकार.* कंपनी तो राखून ठेवतेच. बदल फक्त नव्या पॉलिसींना लागू होतो की जुन्यांच्या रिन्युअललाही, एवढंच बघा.

या चारांपैकी एकाही कलमाचं उत्तर सापडलं नाही तर मॅनेजरला मेल टाका. उत्तर फोनवर आलं तर "आपल्या बोलण्याप्रमाणे..." असं लिहून तुम्हीच मेल पाठवून ठेवा.

७. पहिली पाच लॉगिनं

कोड आल्यावर सगळे ओळखीचे एकदम लॉगिन करू नका. यादीतले पाच वेगवेगळ्या प्रकारचे लोक घ्या: एक फॉर्म १६ वाला, एक दुकानदार, एक गृहिणी, एक सरळ जीवनवाला, एक आजाराची नोंद असलेला. लॉगिनची, मेडिकलची, रिक्वायरमेंट (जादा कागदांची मागणी) आल्याची आणि इश्यूची तारीख लिहून ठेवा. मॅनेजरने शाखेत सांगितलेल्या दिवसांशी ताडून बघा. कमिशनचं पहिलं स्टेटमेंट आलं की तक्त्याशी पैशापैशाने जुळवा. पहिल्याच स्टेटमेंटमध्ये चूक सापडली तर ती दुरुस्त होते. वर्षाने सापडली तर तुम्ही "भांडखोर एजंट" ठरता.

८. सोडायची वेळ आली तर

आधी नवी कंपनी पक्की करा, पण तिचा फॉर्म भरू नका. पहिली ते सहावी पायरी तिच्याबाबत पुन्हा करा. मग जुन्या कंपनीला लेखी राजीनामा, सोबत नियुक्तीपत्र आणि ओळखपत्र परत, आणि सेसेशन सर्टिफिकेटची (एजन्सी संपल्याच्या दाखल्याची) मागणी. ते सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय नवी कंपनी तुम्हाला घेऊ शकत नाही, आणि आल्यावरही लगेच कोड मिळेल असं धरू नका. मधले तीन-एक महिने रिकामे जातील असं धरून घरखर्चाची तजवीज करा. त्या काळात मित्राच्या कोडवर पॉलिसी लॉगिन करून "नंतर बघू" म्हणू नका, कारण नंतर ती पॉलिसी आणि तिचं रिन्युअल दोन्ही मित्राचं असतं.

जुन्या गिऱ्हाइकांची टर्म बंद करून नव्या कंपनीत आणायचा मोह होईल. माणसाचं वय वाढलेलं असतं, हप्ता वाढतो, तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते, मेडिकल पुन्हा होतं. जुनी पॉलिसी चालू राहू द्या. कव्हर कमी पडत असेल तर वाढीव तेवढं नव्या कंपनीत घ्या.

राजीनाम्याची पोच शाखेच्या शिक्क्यासह घ्या. मॅनेजर "माझ्याकडे द्या, मी सोडतो" म्हणाला तरी इनवर्डला जाऊन स्वतः द्या. आतेभावाच्या पावसाळ्याची सुरुवात अशाच एका "माझ्याकडे द्या"पासून झाली होती.